न उगवलेली धण्यांची ओळ

मला जमली नाही अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे, असं मी म्हणते आणि आमचे अरविंद त्यावर नुसती भुवई उंचावतात. त्यामुळे यंदा भाजीची बाग मी करणार, असं जाहीर करताना मला बागेबद्दल तिळमात्र शंका नव्हती. काळजी होती ती त्यांच्या पायांची.

डिसेंबरात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना ते घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. निवृत्त होईपर्यंत मी इथेच, कॅनडातल्या किचनर शहरातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, तेव्हा उत्तम ऑपरेशन कशाला म्हणायचं ते मला कळतं. वॉकर घेऊन ते घरभर फिरायलाही लागले. दाराबाहेर मात्र एक पाऊल नाही. बर्फ होता तोवर मी गप्प बसले. पण बर्फ वितळला, ड्राइव्हवे खडखडीत कोरडा झाला, तरी माणूस आपला बागेकडच्या पॅटिओ डोअरच्या काचेमागे खुर्ची टाकून बसलेला! फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, हाड जुळलंय, मनात भीती बसलीय. आता बाहेर चालले नाहीत तर पुढे चालणंच सुटेल.

हॅलिफॅक्सहून आमची लेक उत्कर्षा फोनवर म्हणाली, "आई, डोन्ट पुश हिम. बाबांना त्यांच्या पेसने करू दे."

"तुझ्या बाबांचा पेस मला लग्नापासून माहीत आहे," मी म्हटलं. "ढकलत नाही. त्यांच्या वाफ्यात हात घालते फक्त. बघू किती वेळ बसवतं."

कारण ही बाग त्यांची. तिथलं खुरपं कुणी जागचं हलवलं तरी त्यांना झोप लागत नाही. मी आजवर बागेत जायचे ते कोथिंबीर खुडायला, तीही ते दाखवतील तिथलीच.

एप्रिलमधल्या एका उन्हाच्या सकाळी मी गमबूट चढवून खाली उतरले. शेडच्या सावलीत मळक्या बर्फाचा ढीग अजून ठाण मांडून होता. फावडं मारणार, तोच काचेवर टकटक झाली. अरविंद चमच्याने काच वाजवत होते आणि मूठ आवळून, उघडून दाखवत होते. मी मूठभर माती घेऊन दाबली. तिचा घट्ट लाडू झाला, फुटेना. म्हणजे माती अजून ओली. आत्ता तुडवली तर तिच्या विटा होणार. मी फावडं खांद्यावर टाकून, जणू नुसतीच पाहणी करायला गेले होते अशा ऐटीत परत आले.

"बाहेर येऊन सांगायचं ना," मी म्हटलं.

"काचेतून कळलं की तुला," ते म्हणाले.

पुढे माती मोकळी झाली तशी मी खणली, कंपोस्ट मिसळलं, मेथी आणि पालक पेरला. धणे वाटीच्या बुडाने रगडून दोन-दोन फाकी केल्या आणि त्यांची एक ओळ घातली. रात्री गारठा पडायचा, म्हणून वाफ्यावर माझ्या जुन्या सुती साड्या पांघरायचे. काचेवर टकटक चालूच होती. मी मुद्दाम तिकडे पाठ करून काम करायचे.

मेथी उगवली तेव्हा मी धावत घरात आले. "चला, बघायला चला!"

"फोटो काढून आण," अरविंद म्हणाले.

मी फोटो काढून आणला. काय करणार? सिंकपाशी उभी राहून नळ सोडून थोडं रडलेही. एवढं करून माणूस हलेना, म्हणजे आता उन्हाळाभर मी खपायचं आणि त्यांनी काचेआडून चमचा वाजवायचा, असंच मला दिसायला लागलं.

मग पालकही वर आला. धण्यांची ओळ तेवढी तुळतुळीत. मी रोज पाणी घालत होते, आणि रोजचा फोटो बघून ते म्हणायचे, "धणे नाहीत."

"येतील. धण्यांना वेळ लागतो."

"एवढा नाही लागत. कुठले घेतलेस?"

"घरातलेच. स्टीलच्या उंच डब्यातले."

"आण बरं तो डबा."

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा माझ्या नाकाशी धरला. खमंग वास आला. डिसेंबरात ते पडले त्या दिवशी मी गोडा मसाला करायला घेतला होता. धणे तेलावर परतून झाले, आणि बाहेरून त्यांची हाक आली. गॅस बंद करून मी धावले ती थेट ॲम्ब्युलन्समध्येच बसले. नंतर कधीतरी ते धणे डब्यात भरून ठेवले. मसाला राहिला तो राहिलाच.

"पद्मजा," अरविंद म्हणाले, "तू भाजलेले धणे पेरलेस. त्यांना रोज पाणी घातलंस. आणि रात्री त्यांना थंडी वाजू नये म्हणून साडी पांघरलीस!"

आणि ते हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डिसेंबरपासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. रागाने माझे कान तापले आणि हे हसू थांबू नये असंही वाटत राहिलं.

"हसा, हसा! कच्चे धणे आणते आणि दाखवते तुम्हाला," म्हणून मी तणतणत बेसमेंटमध्ये गेले. तांदळाच्या पोत्यांमागे पाकीट सापडायला जरा वेळच लागला.

वर आले तर स्वयंपाकघरात गार वारा शिरलेला. पॅटिओ डोअर उघडं. खुर्ची रिकामी. वॉकर दाराबाहेरच्या लाकडी डेकवर, पायऱ्यांच्या तोंडाशी उभा.

अरविंद वाफ्यापाशी होते. एका हाताने कुंपण धरून, दुसऱ्या हातातल्या काठीने माझी ओळ मोडून नवी आखत होते. पायजम्यातले पाय थरथरत होते, ते मला डेकवरूनही दिसत होतं.

"घरातल्या सपाता घालून चिखलात?" एवढंच मला सुचलं.

"ओळ वाकडी होती," ते म्हणाले. काठी कुंपणाला टेकवून त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

पाकीट काखेत मारून मी पायऱ्या उतरले, पळत गेले आणि तो हात दोन्ही हातांनी गच्च धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"आधार नकोय," ते म्हणाले. "धणे दे."