माझ्यावर झालेला खर्च

मित्रांनो, ताईंच्या टेबलाखाली पाय पसरायला जागा नाही, ती माझ्यामुळे. मी एक जुना संगणक आहे. एका कार्यालयाने मला मोडीत काढलं होतं. ताईंनी मला उचलून आणलं, धूळ झटकली आणि कामाला लावलं.

अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि कोणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतं. आलेली प्रत्येक दुरुस्ती मी चालवून पाहतो. मग ताई ती ओळ न् ओळ वाचतात, आणि त्यानंतरच ती लोकांपर्यंत जाते. ताईंची नोकरी प्रयोगशाळेत. हे वाचन त्या शनिवारी करत, नऊ वर्षं, बिनपगारी.

एका चाचणीला मला चाळीस मिनिटं लागत. "तो डबा रखडवतो," अशी लोकांची कुरकुर असे. खरं तर त्यानंतर दुरुस्ती तीन-तीन आठवडे ताईंची वाट पाहत पडून राही. माझी मिनिटं नोंदली जात होती. ताईंचे आठवडे कोणी मोजलेच नव्हते.

एका वर्षी बऱ्याच देणग्या जमल्या. खर्च ठरवायला बैठक आमच्याच खोलीत भरली. हिशेब पाहणारे काका आले, आणि गणित शिकवणारे अंध मास्तरही. आदल्या दिवशी ताई बहिणीशी फोनवर बोलत होत्या, ते मी ऐकलं होतं. प्रयोगशाळेने त्यांना शनिवारीही बोलावलं होतं. निधीतून आठवड्याला एका दिवसाचा मेहनताना मिळाला, तर त्यांना नकार देता येणार होता. तसा अर्ज त्यांनी लिहूनही ठेवला होता.

बैठकीत तो वाचायला त्या उठल्या आणि माझा पंखा घरघरला. करपल्यासारखा वास आला आणि मी बंद पडलो. मी मुद्दाम केलं नाही, मित्रांनो. पण नेमकी तीच वेळ मला सापडली.

मास्तर म्हणाले, आधी या म्हाताऱ्याचं औषधपाणी करा. सगळे हसले. काकांनी तेवढ्यात विचारलं, "ताई, तुझ्यासाठी काही ठेवायचं का?"

"मला काय धाड भरलीय? त्याचंच बघा." ताईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

मला नवा प्रोसेसर आला, नवे पंखे आले. चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांवर आलं. बातमीपत्रात माझा फोटो छापला. ताई शनिवारी कामावर जाऊ लागल्या.

परवा मास्तरांचा फोन आला. सॉफ्टवेअर वजाचं चिन्ह गाळून वाचत होतं. उणे पाचाला त्यांनी पाच समजून अर्धा तास उदाहरण सोडवलं आणि वर्गासमोर ओशाळले. त्याची दुरुस्ती आठ महिन्यांपूर्वीच आली होती. मी ती चार मिनिटांत तपासून मोकळाही झालो होतो.

"वाचायची माझीच राहिलीय," ताई म्हणाल्या.

"मग त्या दिवशी काका विचारत होते, तेव्हा बोलली का नाहीस?"

"स्वतःसाठी कसं मागायचं, मास्तर?"

ताईंच्या वाट्याचं माझ्या अंगावर चढलेलं आहे.

मित्रांनो, यंत्र बिघडलं की सगळ्या खोलीला कळतं. माणसाचं तसं नसतं. उद्या तुम्ही सगळ्यांचे पैसे वाटायला बसाल, तेव्हा ज्याने काहीच मागितलं नाही, त्याला दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा तो नाहीच म्हणेल.