मागच्या भिंतीवरचा गीझर

कानाखाली बसली तेव्हा अश्वजितच्या हातात कुणाच्या तरी गीझरची कॉइल होती. खाऱ्या पाण्यानं तिच्यावर पांढरा थर चढला होता आणि तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत बसला होता. कॉइल हातातून सुटली आणि घरंगळत रस्त्यावर गेली.

"माही बायको मरून राहिली होती, साल्या!" तुलाराम ओरडत होता. त्याच्यामागे तुमसरहून आलेले त्याचे सासरे आणि मेहुणा उभे होते. "न्हानीत कोनी गॅसचा गीझर लावते का?"

मोहाडीचा बाजाराचा दिवस. पिशव्या घेतलेली माणसं दुकानापुढे थांबली. काय घडलं ते अश्वजितला त्या आरडाओरड्यातूनच कळलं. तुलारामची बायको दामिनी काल सकाळी आंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. दार तोडलं तर ती बादलीजवळ बेशुद्ध पडलेली. दारं-खिडक्या बंद, आणि आत गीझरच्या जाळाचा वायू कोंडलेला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिनं डोळे उघडले, एवढंच बरं.

"भाऊ, मी तर बाहेर लावला होता," अश्वजित म्हणाला. "मागच्या भिंतीवर. तुमी आत लावाले म्हनत होते, मीच नाही म्हटलं. या तेजरामले इचारा."

तेजराम गल्ल्यापाशी उभा होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी दोघांनी मिळून हे दुकान टाकलं होतं. तेजरामच्या विणकर बापानं माग ठेवायची खोली त्यासाठी मोकळी करून दिली. सुरुवातीला तांब्याच्या बंबांना डाग द्यायचे, मग विजेचे गीझर आले, मग गॅसचे, मग गच्चीवरचे सोलरचे. अश्वजितच्या बायकोला, सुमनबाईला, बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा तेजराम सायकल मारत दवाखान्यात रक्त द्यायला गेला होता. अश्वजितचा बाप वारला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला वस्तीबाहेरचा तो एकटाच होता.

तेजरामनं घसा खाकरला.

"फिटिंग यानंच केलं होतं," तो म्हणाला. "मी त्या घरी गेलोच नाही."

अश्वजित त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. याच्यापुढे आणखी एक वाक्य येईल असं त्याला वाटत होतं. ते आलं नाही.

सासरा पोलिसात जायचं म्हणू लागला, तशी तुलारामनंच घाई केली. "जाऊ द्या ना, बाबा. गरीब मानूस आहे. पोरगी वाचली, बस झालं." आणि तो सगळ्यांना घेऊन निघूनही गेला. गर्दी हळूहळू बाजाराकडे वळली. जाता जाता एकजण म्हणाला, "याच्या हातचं काम आता नाही करायचं, बाप्पा."

तेजरामनं शटर अर्धं ओढलं.

"अश्वजित, आईक. तू बपेऱ्याले बहिनीकडं गेला होता न, तेव्हा तुलारामनं मले बोलावलं. मागच्या गल्लीतून सिलिंडर चोरीले जाईल म्हने. पानीबी लवकर तापत नाही म्हने. त्याच्यासाठी आत घेतला मी."

"आन मले सांगितलं नाही."

"तू भांडला असता. आज सकाळी तू आला नव्हता तेव्हा तुलाराम इथं आला होता. सासरा इचारते म्हने, कोनी लावला? त्यानंच आत घ्याले लावला म्हनून सांगितलं तं ते पोरीले घेऊन जातील. माहं सांगितलं तं… माह्या पोरीची, रेणूची सोयरीक ठरून राहिली. तुले माहीत आहे."

"मंग माहंच नाव काहून?"

तेजराम खाली बघू लागला. मग तो म्हणाला, "तुह्याकडून भांडाले कोनी येत नाही."

बाहेर कांदेवाला भाव ओरडत होता.

"मले वाटे, तू येशील," अश्वजित म्हणाला.

त्यानं आपले पाने, टेस्टर, सोल्डरिंगची बत्ती पिशवीत भरली. रस्त्यावरची कॉइल उचलून आणली, पुसली आणि टेबलावर ठेवली. ती ज्याची त्याला द्यायची होती. मग शटरखालून वाकून तो बाहेर पडला.

त्यानंतर महिनाभर त्याला कुणी कामाला बोलावलं नाही. वस्तीतल्याच दोघातिघांचे पंखे, मोटारी त्यानं दुरुस्त केल्या. सुमनबाई म्हणे, "चवाठ्यावर जाऊन खरं सांगून टाका." तो म्हणे, "सांगितलं न. ज्याले माहीत होतं तोच खोटं बोलला."

मग एके दिवशी दामिनी त्यांच्या घरी आली. चेहरा अजून उतरलेलाच होता.

"भाऊ, तेजरामभाऊनं गीझर आत लावला तेव्हा मी चहा नेऊन दिला होता," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "दवाखान्यात बाबांनी इचारलं तं मी गप्प राहिली. यांनी डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नको म्हनून."

सुमनबाई ताडकन उठली. "आन आता काहून आली?"

"अजूनबी तो आतच आहे. हे म्हनतात, दार उघडं ठेवून पानी भर. मले त्या न्हानीत पाय ठेवाले भेव वाटते. दुसऱ्या कोनावर माहा भरोसा नाही, भाऊ."

"नका जाऊ," सुमनबाई नवऱ्याला म्हणाली.

अश्वजित पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. या पोरीच्या एका शब्दानं सगळं थांबलं असतं. पण उद्या सकाळी तीच त्या न्हाणीत जाणार होती.

"येतो," तो म्हणाला. "तुह्या नवऱ्याले आन सासूले घरी राहाले सांग."

दुसऱ्या दिवशी तो गेला. जुन्या गीझरचा बर्नर काजळीनं भरला होता, जाळ पिवळा पडला होता. "हा फेका. नवा आना," एवढंच तो बोलला. तुलाराम मुकाट्यानं जाऊन नवा घेऊन आला. तुलारामची आई सुंदरबाई दारात उभी होती. महिनाभर तिनं गावात जिथं तिथं अश्वजितच्या नावानं बोटं मोडली होती.

अश्वजितनं ड्रिल हातात घेतली आणि थांबला.

"तुलारामभाऊ, मी पयले कुठं लावला होता, ते मायले दाखवा."

तुलाराम हलला नाही. सुंदरबाई मुलाकडे बघू लागली. शेवटी तो मागच्या अंगणात गेला. बाहेरच्या भिंतीवर सिमेंटनं बुजवलेली चार भोकं होती. त्यानं त्यांवर बोट ठेवलं.

"इथं," तो म्हणाला.

सुंदरबाईनं तोंडाला पदर लावला. अश्वजितनं तीच भोकं पुन्हा पाडली, गीझर टांगला, पाइप आत नेला, सिलिंडरला जाळीचं कुलूपबंद खोकं बसवलं. दामिनीनं भीत भीत नळ उघडला. बाहेर निळा जाळ पेटला आणि आत वाफाळतं पाणी आलं.

"बापू, हात धुऊन घे गरम पान्यानं," सुंदरबाई म्हणाली. "चहा मांडला आहे."

पौषातली सकाळ होती. अश्वजित अंगणातल्या टाक्यापाशी गेला, तिथल्या गार पाण्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले, आणि नखांतली काजळी निघेपर्यंत ते चोळत राहिला.