दुपारचे चार तास

नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या राजेश्वरीच्या हातातून मोबाईल सुटेनासा झाला होता. जेवताना रील, वर्गात रील, आंघोळीचं पाणी गार होईपर्यंत रील. प्रॅक्टिकलं बुडाली. छातीत धडधडायला लागलं, आणि ते विसरायला पुन्हा मोबाईल. शेवटी हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण रेश्मा म्हणाली, "सकाळी कॉलेजला निघताना तो माझ्याकडे देत जा. संध्याकाळी परत घे."

राजेश्वरीनं नाइलाजानं दिला. पहिल्याच दिवशी दुपारी मिरजगावहून तिच्या वडिलांचा, कारभारींचा फोन आला. रेश्मानं उचलला.

"काका, मी रेश्मा. राजी प्रॅक्टिकलला गेलीय."

"बरं झालं तूच भेटलीस. पोरीला काय झालंय गं? फोन केला की नुसतं हं-हं करती. आमचं काय चुकलं का?"

रेश्मा लपवणार होती, पण हे ऐकून तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी हॉस्टेलच्या फाटकापाशी हजर. राजेश्वरीनं रेश्माकडे रागानं पाहिलं आणि मान खाली घालून वडिलांशेजारी बाकावर बसली. आता बोलणी बसणार, हे ती धरूनच चालली होती.

कारभारी मात्र टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "मला बी तेच झालंय."

"म्हणजे?"

"बुधवारी मोटार चालू केली, कांद्याला पानी सोडलं आन् बांधावर मोबाईलात बैलगाड्यांच्या शर्यती बघत बसलो. मान वर केली तवा शेजारच्या आसारामच्या ज्वारीत तळं झाल्तं."

"मग आसारामकाका भांडले?"

"कशाचं भांडतोय! माझ्या पाठीमागं उभा राहून त्यो बी शर्यतच बघत हुता."

राजेश्वरीला खूप दिवसांनी खळखळून हसू आलं. हसता हसता तिचे डोळे भरले.

"आण्णा, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. भीती वाटते."

"मंग जानत्या मानसाला इचारू. चल, मी येतो संगं."

कॉलेजात समुपदेशनासाठी सातपुते मॅडम होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, धडधडीचं विचारलं, मधे न बोलता ऐकून घेतलं. दर मंगळवारी यायचं ठरलं. शिवाय दिवसभराऐवजी रोज दुपारी चारच तास मोबाईल रेश्माकडे, तोही बंद, आणि तेवढा वेळ एकटं बसायचं नाही.

"आन् मी?" कारभारींनी विचारलं.

"तुम्हीपण तेच करा," मॅडम हसून म्हणाल्या.

पहिला आठवडा जड गेला. दोनदा राजेश्वरीनं रेश्माकडून मोबाईल हिसकावून घेतला. मंगळवारी तिनं ते मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. वेळ घालवायला ती हॉस्टेलच्या हॉलमध्ये कॅरम खेळायला लागली. आधी सगळ्यांकडून हरली, मग हळूहळू वरच्या वर्गातल्या मुलीही तिच्याशी खेळताना सावध बसू लागल्या.

वर्षाच्या शेवटी एक विषय राहिलाच. त्याचा फॉर्म तिनं भरला. धडधड पुष्कळ कमी झाली होती, झोप लागत होती. मंगळवार अजून चालू होते.

फॉर्म भरून ती हॉलमध्ये आली, तेव्हा बोर्डावर पावडर टाकून तिघी तिची वाट बघत होत्या.

"ए राजी, लवकर ये! आज राणी तुला मिळू देणार नाही."

"बघूच," असं म्हणत तिनं बाह्या सरसावल्या.