नव्या इंजिनाचा बाण

अष्टमीच्या संध्याकाळी मेकॅनिकने नव्या इंजिनाचा शेवटचा बोल्ट आवळला, तेव्हा हडपसरच्या क्रिकेट मंडळाच्या मैदानावर इतका अंधार झाला होता की पेट्रोल ओतायचे नरसाळेही दिसेना. "उद्या चालवून बघा," असे म्हणून तो निघून गेला आणि यज्ञेश्वरपंतांनी मान डोलावली. उद्या खंडेनवमी आहे, हे त्या घाईत कोणाच्याच ध्यानात आले नाही.

भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, पंत या मैदानाचे मानद व्यवस्थापक होते. शनिवार पेठेतून रोज बसने यावे, गवताची उंची पट्टीने मोजावी आणि खेळाडूंशी नियमांवरून वाद घालावा, हा त्यांचा दिनक्रम. यंदा गवत कापायच्या यंत्राचे विलायती इंजिन पार झिजले. त्याचे सुटे भाग देशात मिळेनात, तेव्हा समितीने यंत्र मोडीत काढून मैदानाची निगा कंत्राटदाराकडे सोपवण्याचे ठरवले. पंतांनी त्यावर चौदा पानांचे टिपण लिहिले: जुन्याच सांगाड्यावर दुसऱ्या कंपनीचे देशी इंजिन बसू शकते.

"टिपण उत्तम आहे," अध्यक्ष श्रीनिवासराव सभेत म्हणाले, "पण गवत त्यानेच कापायचे आहे का?"

सगळे हसले. पंतांनी तिथल्या तिथे लिहून दिले की, दसऱ्याच्या सामन्याआधी, सकाळी आठ वाजता, यंत्राने गवत कापून दाखवले नाही, तर आपण व्यवस्थापकपद सोडू. त्या अटीवर समितीने इंजिन आणू दिले.

नवमीला ते सकाळीच मैदानावर पोहोचले. यंत्राला झेंडूची माळ घातलेली होती, हळदकुंकू लावलेले होते आणि माळी गेनबा समोर उदबत्ती लावीत होता.

"गेनबा, दोरी ओढून एकदा सुरू करून बघू."

"आज न्हाई, अण्णा. आज हत्यारं बसल्यात. वरीसभर राबत्यात, येक दिस त्यांचा."

"अहो, पण चाचणीच झालेली नाही! आणि शास्त्रात इंजिनाचा उल्लेख तरी कुठे आहे?"

"शास्तर तुमी वाचलंय, मी न्हाई," गेनबा शांतपणे म्हणाला. "पर माळ मी घातलीया."

पंतांच्या जिभेवर तीन मुद्दे आले होते. उदबत्तीपुढे हात जोडून बसलेल्या त्या माणसाकडे पाहून त्यांनी ते गिळले.

घरी परतल्यावर त्यांना चैन पडेना. पानात वाढलेले तसेच राहिले. त्यांनी नव्या इंजिनाची माहितीपुस्तिका काढली आणि आपली मापे पुन्हा पडताळली. बोल्टांमधले अंतर बरोबर होते. इंजिनाच्या फिरत्या दांड्याची जाडी बरोबर होती, आणि तीही त्यांनी तीनदा मोजली होती. मग, केवळ मनाच्या समाधानासाठी, त्यांनी जुन्या इंजिनाची पुस्तिका शेजारी उघडून ठेवली. दोन्हींत दांड्याच्या टोकाकडून पाहिलेले चित्र होते. दोन्ही चित्रांत दांड्याभोवती एक बारीक वाकडा बाण काढलेला होता.

जुन्यातला बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत होता. नव्यातला उलटा.

"काय झालं?" त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी विचारले.

"हे इंजिन उलटे फिरते." त्यांनी नव्या बाणावर बोट ठेवले. "उद्या यंत्र पुढे जायचे सोडून चालवणाऱ्याच्या पायांवर येईल. पातीही उलटी फिरतील, एक काडी कापली जायची नाही."

"चौदा पानांत हे कुठंच नव्हतं?"

"नव्हतं."

कुसुमताईंनी दोन्ही चित्रे पाहिली. "गेनबांना विचारलंत का? यंत्र रोज तेच चालवतात ना?"

अकरा वर्षांत पंतांनी गेनबाला पुष्कळ सांगितले होते. विचारले मात्र काहीच नव्हते. ते उठले, दोन्ही पुस्तिका पिशवीत घातल्या आणि मांजरी गावाची बस पकडली.

गेनबाचे घर उसाच्या शेताच्या कडेला होते. पंतांना दारात पाहून तो लगबगीने उठला. पंतांनी पाणीही न घेता बाणांची हकीकत सांगितली, आणि शेवटी कष्टाने म्हणाले, "चूक माझी आहे. आता काय करता येईल?"

गेनबाने चित्रांकडे ढुंकूनही पाहिले नाही. "पट्ट्यावरच चालतंय न्हवं ते? मग पट्ट्याला पीळ द्यायचा. आमच्या गुऱ्हाळावर चरक उलटा फिराया लागला की आमी तेच करतो. पट्टा आठाच्या आकड्यावानी टाकला, की पल्याडची पुली उलटी फिरती."

 पंतांनी बोटाने हवेत तो आकडा काढला, एकदा आणि पुन्हा एकदा. "पण आहे तो पट्टा आखूड पडेल. सव्वातीन इंच तरी."

"चार बोटं पडंल. गुऱ्हाळाचा जुना तुकडा हाय माझ्याकडं."

"द्या, मी आजच—"

गेनबाने कोपऱ्याकडे बोट दाखवले. कोयते, खुरपी आणि त्यांच्यावर गुंडाळलेला तो पट्टा. सगळ्यावर झेंडूची फुले होती.

"उद्या दिस उगवला की पूजा उतरवतो," तो म्हणाला, "मग लगेच निघतो."

पंतांनी मनात हिशेब केला. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. मांजरीहून सायकलीने पाऊण तास. पट्टा कापणे, जोडणे, ताणणे. आठ वाजायला उरतात ती मिनिटे बोटांवर मोजण्याजोगी. वाद घालावा असे फार वाटले. "बरं," एवढेच ते म्हणाले.

दसऱ्याला सात वाजून वीस मिनिटे झाली तरी गेनबा आला नव्हता. पंत फाटक आणि यंत्र यांच्यामध्ये येरझारा घालीत होते. साडेसातला सायकल दिसली. गेनबाने यंत्रापुढे हात जोडून माळ उतरवली. पट्ट्याचा जोड देताना पंतांच्या घाईत टोके जोडणारी पत्र्याची चीप दोनदा गवतात पडली. शेवटी गेनबाने त्यांच्या हातून ती काढून घेतली.

श्रीनिवासराव आठला पाच कमी असताना आले. पिळाच्या पट्ट्याकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"यज्ञेश्वरपंत, हे आपल्या टिपणात होतं?"

"नव्हतं," पंत म्हणाले. "इंजिन उलटे फिरते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. तोड गेनबांनी काढली आहे. यंत्र चालले, तर त्यांच्यामुळे; न चालले, तर माझ्यामुळे."

गेनबाने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी इंजिन खोकले आणि धडधडू लागले. त्याने यंत्राला गती देणारा खटका दाबला. पट्टा फटफटला, पिळाच्या जागी स्वतःवरच घासला, आणि यंत्र पुढे सरकले. त्याच्यामागे कापलेल्या गवताची हिरवी वाट उमटू लागली.

श्रीनिवासरावांनी घड्याळ खिशात ठेवले. "ते आत्ता जे बोललात," ते म्हणाले, "तेही लेखी द्या. चौदा पानांना जोडून ठेवू. सभेत गेनबांचं नाव यायला हवं."

 पंतांची नजर पिळाच्या पट्ट्यावरून हटत नव्हती. यंत्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ते उभेच होते. तिथे गेनबाने ते वळवले आणि लांबूनच ओरडून सांगितले, "बसा आता, अण्णा! पट्टा न्हाई सुटायचा!"

पंत बसले नाहीत, पण खिशातले पेन मात्र त्यांनी बाहेर काढले.