आडवं पडून पाहिलेलं प्रसूतिगृह

उभ्याने:

आई एकोणसत्तर वर्षांची. मावशी तिच्याहून मोठी, आणि तिचं पालुपद अजून तेच. "तुला पुलाखालून उचलून आणलं गं!" लहानपणी आई रडायची. आता हसते. हसून झालं की मात्र गप्प होते.

ते गप्प होणं मला बघवेना. म्हटलं, तुझं प्रसूतिगृहच शोधून काढते.

ते केव्हाच बंद पडलेलं. पाटी नाही, नाव कुणाला आठवत नाही. हाताशी फक्त आजीचं सांगणं: बाजारामागची गल्ली, आणि छतावर प्लास्टरचे द्राक्षांचे घड. मधल्याचं टोक तुटकं. "त्या तुटक्या टोकाकडे बघत हिला जन्म दिला."

आई, मावशी आणि मी, तिघी निघालो. शिंप्याकडे माना वर. दातांच्या डॉक्टरकडे माना वर (त्यांना वाटलं, तिघींच्या दाढा दुखतायत). टायपिंगच्या क्लासात माना वर. शेवटी गाद्यांचं दुकान. छतावर प्लास्टरच्याच टोकदार झाडांची रांग. द्राक्षं? नावालाही नाहीत.

"चला पुलाकडे," मावशी म्हणाली.

आई हसली. गप्प झाली.

आणि मला एकदम

थांबा, हसू आवरू दे,

आजीने ते छत उभं राहून पाहिलंच कुठे होतं!

आडव्याने:

"आई, झोप. डोकं खिडकीकडे, पाय दाराकडे."

"काकू, चपला!" दुकानदार ओरडला. "डबल बेड दाखवू?"

"छत बघतेय."

"ते विकायचं नाहीये."

आई गादीवर पसरली. मी शेजारी. झाडं उलटी झाली, शेंडे खाली आले, आणि

घड! घडच घड! मधल्याचं टोक तुटकं!

"ताई, ये की!" आई किंचाळली.

"या वयात? लोक काय म्हणतील?" म्हणत मावशी धपकन आडवी झाली. वर बघत राहिली. दुकानदारालाही राहवेना, तोही पलीकडच्या गादीवर लवंडला. "अरेच्चा! वीस वर्षं मी यांना झाडंच समजतोय."

"ताई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू?" मावशीने आईचा हात धरला. "इथलीच आहेस गं बाई. आमचीच."

आई हसली. यावेळी गप्प काही होईना. हसता हसता उचकी लागली, तरी हसतेच आहे. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन थबकली. दुकानदार गडबडीने उठला.

"काकू, आता उठा ना."

"अहो, आत्ताच तर जन्मलेय. लगेच काय उठवताय?"