एकसष्टाव्या पानावरची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझं नाव सांगताना आज पहिल्यांदाच मला आवाज खाली घ्यावासा वाटत नाही. ‘अवसेचा पाहुणा’! घ्या, सांगून टाकलं. रक्त पिऊन जगणारा तीनशे वर्षांचा देखणा सरदार इंद्रनील आणि त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारी मंजिरी, या दोघांची मी गोष्ट. माझ्यात भय आहे, काळोख आहे, आणि मोठ्यांनीच वाचावं असंही पुष्कळ काही आहे. लहान मित्रांनो, माझं हे आत्मवृत्त खुशाल वाचा, मला मात्र अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच हात लावा.

माझा जन्म तीस वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात झाला. मुखपृष्ठ छापताना लाल शाई जरा सढळ हाताने पडली आणि इंद्रनीलचे ओठ थेट हनुवटीपर्यंत पसरले. “हा काय पान खाऊन आलाय?” असं म्हणत बांधणी करणाऱ्याने मला शिवलं. पण शिवलं मात्र झकास! आजवर माझं एकही पान निसटलेलं नाही, आणि मला किती घट्ट धरून वाचलं गेलंय ते पुढे कळेलच.

तिथून मी आले बोरिवलीच्या एका वाचनालयात. इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, लोखंडी कपाटं आणि टेबलामागे ग्रंथपाल मृणालिनीताई. त्या तेव्हा नव्या होत्या. माझ्या नावात अवस दिसली म्हणून त्यांनी मला न उघडताच धार्मिक पुस्तकांच्या कपाटात ठेवलं! माझ्या एका बाजूला सोळा सोमवारची कहाणी, दुसऱ्या बाजूला श्राद्धविधी. आठच दिवसांत त्या कपाटापुढे बायकांची गर्दी वाढली, तेव्हा कुठे ताईंना शंका आली. त्यांनी मला घरी नेलं, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद चेहऱ्याने टेबलाच्या खणात ठेवून दिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. माझा शेवट वाचून त्या रडल्या होत्या!

आता इथून माझे खरे वैभवाचे दिवस सुरू झाले. पण कसे, ते ऐका. मला न्यायचं तर होतं सगळ्यांना, पण आपल्या कार्डावर माझं नाव लिहून घ्यायची कुणाचीच छाती नव्हती. कार्ड घरी सासरा बघणार, मुलं बघणार, मग काय सांगायचं? तेव्हा ताईंनी एक युक्ती काढली. वाचक हळूच म्हणायचा, “ताई, ते… उसळींचं पुस्तक आहे का?” ताई खणातून मला काढायच्या, वर्तमानपत्राचं कव्हर चढवायच्या आणि कार्डावर लिहायच्या ‘शंभर प्रकारच्या उसळी’. ते पाककृतीचं पुस्तक बिचारं कपाटातून कधी हललंच नाही. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

आणि मी? मी डब्याच्या पिशवीत गेले, देवघराच्या खालच्या कप्प्यात राहिले, बँकेच्या टेबलावर फायलीखाली लपले. गोराईहून होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला येणारी पार्वती मला टोपलीवर आडवं फळकूट ठेवून वाचायची, आणि गिऱ्हाईक आलं की चिडायची. दहिसरला राहणारे मधुकरकाका, पूर्वीचे गिरणी कामगार, मला वाचताना दर पाच मिनिटांनी चष्मा पुसायचे. कॉलेजात जाणारी अपूर्वा तर विषय काहीही असो, मैत्रिणींना माझ्यातली वाक्यं ऐकवायची. इंद्रनील वाईट आहे हे सगळ्यांना कळत होतं. तरी तो मरू नये असं सगळ्यांनाच वाटायचं! इतकं प्रेम एखाद्या शहाण्यासुरत्या पुस्तकाच्या वाट्याला तरी येतं का, सांगा बरं.

मित्रांनो, वाचनालयात जाणाऱ्या जुन्या वाचकांची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल. पुस्तक वाचून झालं की ठरावीक पानावर पेन्सिलीने बारीकशी खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा चुकून आणलं जात नाही. प्रत्येकाचं पान वेगळं, खूण वेगळी. माझ्या बाबतीत मात्र सगळ्यांनी आपापलं पान सोडून एकसष्टावं पान धरलं. कारण माझ्या गोष्टीतला इंद्रनील कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय कुणाच्या घराचा उंबरठा ओलांडू शकत नाही, आणि एकसष्टाव्या पानावर मंजिरी दार उघडून त्याला ‘ये’ म्हणते. तिथे सगळ्यांचा श्वास अडकतो. पार्वतीने तिथे मासा काढला, तीनदा. मधुकरकाकांनी नारळ काढला. अपूर्वाने दोन सुळे काढले. कोपऱ्यात एकीखाली एक अशा चार इवल्या छत्र्या होत्या, मुठीसकट. प्रत्येकाला वाटायचं, या पानावर जीव अडकलेले आपण एकटेच, बाकीच्यांनी नुसत्या सवयीने खुणा केल्या असतील. कुणी कुणाला विचारलं नाही.

सगळं सुरळीत चालू होतं. मग इमारतीचा पुनर्विकास आला.

दोन खोल्यांच्या जागी आता एकच खोली मिळणार होती आणि निम्मी पुस्तकं काढून टाकायची होती. हे काम वाचनालयाचे कार्यवाह विद्याधर सावंत यांनी अंगावर घेतलं. वीज खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, खिशात कायम खोडरबर बाळगणारे गृहस्थ. पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसली की ते तिथल्या तिथे पुसायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी जानकीवहिनी गेल्या, तेव्हापासून ते रोज सकाळी वाचनालयातच येऊन बसत. त्यांनी जुनी कार्डं लॅपटॉपवर चढवली आणि नियम केला की पाच वर्षांत ज्या पुस्तकाची एकदाही नोंद नाही, ते रद्दीत.

माझी नोंद पाच वर्षांत काय, कधीच नव्हती!

रविवारी सकाळी रद्दीवाला दारात येऊन उभा राहिला. सावंतांनी यादी वाचायला सुरुवात केली आणि अधूनमधून कौतुकही करू लागले. “मृणालिनीबाई, हे उसळींचं पुस्तक तर कमालच आहे हो! सर्वांत जास्त मागणी. नव्या जागेत पहिल्या फळीवर ठेवू.” ताईंनी मान खाली घातली. मग सावंतांनी मला खणातून ओढून काढलं. “आणि हे काय? ‘अवसेचा पाहुणा’. एकही वाचक नाही. हे गठ्ठ्यात टाका.”

माझ्या पानापानांत कापरं भरलं. ताईंची तर फारच पंचाईत झाली होती. खरं बोलावं तर इतक्या वर्षांच्या खोट्या नोंदी कबूल कराव्या लागणार, आणि विश्वासाने येणाऱ्या सगळ्यांची नावं उघडी पडणार. त्यांनी आदल्या दिवशी गुपचूप चार-पाच जणांना फोन केले होते. ते आलेही होते. अपूर्वा आली होती, मधुकरकाका आले होते. पण सगळे मासिकं चाळत उभे!

शेवटी अपूर्वाने धीर केला. “काका, हे नका ना टाकू रद्दीत.”

“का गं? तू वाचलंयस?”

“मी? छे! म्हणजे… माझ्या एका मैत्रिणीने.”

“मग मैत्रिणीची नोंद का नाही?” असं म्हणून सावंतांनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलंसुद्धा. खाली जुन्या दिवाळी अंकांची थप्पी, वर मी, आणि रद्दीवाला सुतळी सोडवतोय. संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात रिकामी टोपली कडेला घेऊन पार्वती आत शिरली. तिने एका नजरेत ओळखलं काय चाललंय ते. “ओ सायब! ते पुस्तक कुठं टाकता? मी वाचलंय ते. तीन वेला!”

“तुम्ही? नोंद कुठाय?”

“नोंद गेली उसलीत! एकसष्ट पान काढा, माझा मासा हाय तिथं.”

सावंतांनी मला उचललं आणि एकसष्टावं पान उघडलं. मासे, नारळ, सुळे, चांदण्या, फुल्या, एकूण तीसेक खुणा! त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. “ही काय पुस्तकाची दशा केलीय!” आणि त्यांचा हात सवयीने खिशात गेला. खोडरबर निघालं. पहिला मासा पुसला गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

“अरे देवा! माझा मासा पुसला!” पार्वती ओरडली. “एवढी वर्सं मासं इकतंय, असा मासा कुनी पलवला नव्हता माझा!”

खोडरबर कोपऱ्याकडे सरकलं. चार छत्र्यांपाशी आलं. आणि थांबलं.

सावंत पानावर वाकले. ही छत्री ते चांगली ओळखत होते. लोणच्याच्या बरणीवर, पापडाच्या डब्यावर, शेजारी पाठवायच्या प्रत्येक झाकणावर जानकीवहिनी हीच छत्री काढायच्या. त्यांच्या वडिलांचं कणकवलीला छत्र्यांचं दुकान होतं.

“ही… ही कुणाची?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर माहीत असूनही वाट बघितली.

मृणालिनीताई आता मागे हटल्या नाहीत. “जानकीवहिनींची. चार वेळा नेलं त्यांनी. चौथ्यांदा नेलं ते हॉस्पिटलात जायच्या आधी. म्हणाल्या, मंजिरी ‘ये’ म्हणते ते एवढं पान पुन्हा वाचायचंय.”

सावंत खुर्चीवर बसले. “मला म्हणायची, उसळींचं पुस्तक आणलंय,” ते म्हणाले. “मी थट्टा करायचो. म्हटलं, पुस्तक चार वेळा आलं, उसळ एकदाही नाही झाली. ती नुसती हसायची.” मग त्यांनी खोडरबर परत खिशात टाकलं. “मला विचारलं असतं तर… नाही. मीच काही तरी बोललो असतो. म्हणूनच नाही सांगितलं तिने.”

मित्रांनो, त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पानावर पडलं. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. मी त्यांच्या घरात राहून आले होते, त्यांच्या उशीपासून हातभर अंतरावर, आणि त्यांना पत्ता नव्हता!

मधुकरकाकांनी मासिक खाली ठेवलं. “सावंतानू, मियां पण वाचलंय. तो नारळ माझो. माका त्या इंद्रनीलाची खूप दया येता हो.”

“सुळे माझे आहेत, काका,” अपूर्वा म्हणाली. “मैत्रीण वगैरे कुणी नाही. मीच ती!”

मग काय, बांधच फुटला! कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या चांदणी माझी, दारातले गृहस्थ म्हणाले फुली माझी. इंद्रनीलने शेवटी मंजिरीला सोडायला नको होतं, यावर तिथेच कडाक्याचं भांडण जुंपलं. तीस वर्षं मी ज्यांच्या उशाशी होते ते सगळे एकमेकांना पहिल्यांदाच माझ्याबद्दल मोठ्याने सांगत होते. रद्दीवाल्याने सुतळी गुंडाळली आणि विचारलं, “भाऊ, है क्या इसमें?”

सावंतांनी चष्मा पुसून खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. “मृणालिनीबाई, हे माझ्या नावावर द्या.”

ताईंनी लेखणी उचलली. सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, “उसळी लिहू?”

“नको,” सावंत म्हणाले. “खरं नाव लिहा.”

माझ्या आयुष्यातली ती पहिली नोंद. निळ्या शाईत, ठसठशीत, ‘अवसेचा पाहुणा’!

आठ दिवसांनी सावंतांनी मला परत आणलं. एकसष्टाव्या पानावर पुसलेल्या जागी पेन्सिलीने तीन नवे मासे काढलेले होते. पार्वतीने पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, “यो मासा हाय का भेंडी?” पण पुसू दिला नाही तिने. आणि कोपऱ्यात, चार छत्र्यांच्या शेजारी, वाकड्या मुठीची एक पाचवी छत्री होती.

मित्रांनो, आता मी नव्या खोलीत पहिल्या फळीवर आहे, वर्तमानपत्राच्या कव्हराशिवाय, पसरलेल्या लाल ओठांसकट. उसळींचं पुस्तक माझ्या शेजारीच आहे, आम्ही भांडत नाही. तुमच्याकडून मला एकच हवंय. जे पुस्तक तुम्हाला मनापासून आवडलंय, त्याचं नाव कार्डावर लिहू द्या, आणि घरातल्या माणसाला एकदा तरी सांगा. तो हसेल, चिडेल, कदाचित वाचेलही. पण सांगायचं राहून गेलं की मग ते पेन्सिलीच्या खुणेतून शोधावं लागतं.

त्या दिवशी मला परत केल्यावर सावंत जायला निघाले आणि दारातून पुन्हा आत आले. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

“हेच पुन्हा द्या,” ते म्हणाले. “तिचं चार वेळा झालंय. माझं अजून तीनदा राहिलंय.”