लोड काढू नका

लेकाने नोकरी सोडून पुढच्या खोलीत गिटारचे जुने, काचेच्या नळ्यांचे म्हणजे व्हॉल्व्हवाले अँप्लिफायर दुरुस्त करायचं दुकान मांडलं, त्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं, एक गिटार वाजवणारा. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम. त्याच्या अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर म्हणे आता कुठेच मिळत नाही. तो जळला तर दुकानाचं नाव पहिल्याच कामात बुडणार आणि पोरगा पुन्हा जुन्या साहेबाच्या दारात उभा राहणार.

दुपारी लेकाने तो अँप्लिफायर उघडा केला, गादीवरच्या लोडाला टेकवला, तपासायला एक सूर सुरू ठेवला आणि व्हॉल्व्ह खोचायचं नवं सॉकेट आणायला गेला. जाताना माझ्या नणंदेला बजावलं, "आत्या, हे चालू आहे तोवर लोड काढू नकोस."

वन्संना झोपायचं होतं. सुराची कटकट नको म्हणून त्यांनी स्पीकरची वायर उपटली. लोडाला मात्र बोट लावलं नाही. एवढ्या आज्ञाधारक.

मला स्वयंपाकघरात चटचट ऐकू आलं, मग जळका वास. धावत जाऊन बटण बंद केलं.

लेक आला आणि आधी ती उपटलेली वायर उचलली. त्याच्या धंद्यात लोड म्हणजे स्पीकर. ताकदीला जायला वाट नसली की ती उलटून ट्रान्सफॉर्मर फोडते.

"मग स्पीकर म्हणायचं की!" वन्सं फणकारल्या. "लोड म्हटल्यावर मी काय समजू?"

बरोबर होतं त्यांचं. मी तसं म्हटलं नाही, लगेच डोक्यावर चढतात.

माझा पाय एका जागी ठरेना. लेकाने व्हॉल्व्ह काढले. सॉकेटवर काळा ओरखडा होता. ठिणगी तिथेच उडाली होती. मीटरने ट्रान्सफॉर्मरच्या तारा मोजल्या. शाबूत दिसल्या, पण खरं काय ते वीज दिल्यावर कळणार. नवं सॉकेट बसवलं, व्हॉल्व्ह परत खोचले, मेन वायरमध्ये साधा बल्ब जोडला. बल्ब भगभगत राहिला तर आत शॉर्ट. तो भपकन पेटला. मी पदर मुठीत धरला. मग मंदावला.

तरी एका व्हॉल्व्हचं पोट लालबुंद व्हायला लागलं. लगेच बंद, व्हॉल्व्हची नवी जोडी, पुन्हा मोजमाप. शेवटी त्याने स्पीकरच्या जोडीला एक जाड रेझिस्टर कायमचा जोडला. वायर निघाली तरी ताकद त्यात जिरेल.

गिऱ्हाईक आलं. लेकाने काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. मी दाराआडून मनात म्हटलं, अरे गाढवा, गप्प बस.

तो माणूस गिटार जोडून बराच वेळ जोरात वाजवत राहिला. मग म्हणाला, "घरी अजून एक आहे. तोही आणतो."

तेव्हा कुठे मी स्टुलावर बसले.